कासवाचा पल्ला

धुळ्याच्या शाळेत शास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या मास्तरांनी बायको वारल्यावर एका कासवाच्या पाठीवर पांढरा पट्टा ओढला आणि ते पांझरा नदीत सोडलं. कासव वर्षभरात किती लांब जातं ते त्यांना शोधायचं होतं. सापडेल त्यानं आणावं, चहा मिळेल, अशी दवंडी पिटवली. गाव पोटभर हसलं; चहाला कुणी आलं नाही. उन्हाळ्यात नदीपात्रात खरबुजं पिकवणारा गनी कासव घेऊन दारात उभा. “मास्तर, तुमनं कासव मनी वाडीमा सापडनं. खरबूज त्यानी खादं, चहा मी पिसू!” मास्तर बऱ्याच महिन्यांनी हसले. गनी दिवेलागणीपर्यंत बसला. म्हशीचं दुखणं, भुसावळच्या जावयाची मिजास, सगळं सांगून उठला. अंतर मोजायचं राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशी मास्तर कासव घेऊन निघाले. शास्त्राप्रमाणे ते पहिल्यांदा सोडलं तिथंच परत सोडायला हवं होतं. त्यांनी गनीच्या खरबुजांत सोडलं.