क्रूस उचलणारा माणूस

फिलेमोना गेल्याच्या नवव्या दिवशी दुपारी चारला वेंडेल दारात उभा राहिला, तेव्हा बैठकीतल्या बायकांच्या जपमाळा क्षणभर थांबल्या.

"चालू द्या गं," एपिफानिया मावशी म्हणाली. "घरात पोलीस आला आणि कुणी मागच्या दाराने पसार झालं नाही. फिलेमोना असती तर पोट धरून हसली असती."

तो साध्या कपड्यांत होता. सेनायदा त्याला प्रथमच पाहत होती. नाव मात्र अकरा वर्षं ओळखीचं. लाँड्रीमागच्या गल्लीत तिच्या आईची, फिलेमोनाची, पर्स हिसकावली गेली तेव्हापासून. मेक्सिकोतल्या ओआहाकाहून शिकागोला आलेली, राहण्याच्या परवान्याचे कागद नसलेली बाई. शेजारणींनी तोंड मिटून बसायला सांगितलं. आई म्हणाली, इथले पोलीस कागद विचारत नाहीत असा शहराचा नियम आहे ना, मग खरा आहे का ते बघू तरी. तिने फोन केला. कुणी काही विचारलं नाही. चोर सापडला, आणि कोर्टातही ती ताठ मानेने बोलून आली.

त्यानंतर दर नाताळात वेंडेलच्या नावाने तामालेसचा, मक्याच्या पानात वाफवलेल्या सारणाच्या वड्यांचा, डबा निघायचा. पहिली दोन वर्षं तेवढी नुसती पत्रंच गेली. बदली झाली असेल, असं सेनायदाला वाटलं होतं.

आणि जायच्या आदल्या दिवशी आई म्हणाली, "माझा क्रूस वेंडेल उचलेल."

चुन्याचा आणि झेंडूचा तो क्रूस नऊ दिवस जमिनीवर होता. आज तो गोळा करून कबरीवर न्यायचा. जो उचलतो तो जन्माचा घरचा होतो.

सेनायदाने त्याच्या हातात गरम चॉकलेटचा पेला दिला. "घ्या साहेब."

"साहेब नका म्हणू." त्याचं स्पॅनिश मोडकंतोडकं होतं. नजर खिळ्यावरच्या तपकिरी पर्सवर गेली. "पट्टा बदलला नाही त्यांनी."

"शिवून वापरला. तुम्हाला आठवतं?"

"आठवतं."

"याला म्हणतात पोलिसाचं डोकं," मावशी शेजारणीला म्हणाली.

सेनायदा उभी राहिली. हे चार शब्द ती नऊ दिवस मनात जुळवत होती.

"त्या दिवशी तुम्ही कागद मागितले असते, तर आईला तेव्हाच देशाबाहेर काढलं असतं. ती याच घरात म्हातारी झाली. स्वतःच्या अंथरुणावर, माझा हात धरून गेली. ही अकरा वर्षं तुमची देणगी आहे. क्रूस उचला, आणि आजपासून माझे भाऊ व्हा."

वेंडेल गुडघ्यांवर बसला. हात चुन्यापर्यंत नेला, आणि मागे घेतला.

"आभार मी मानायचे आहेत, ताई. जजसमोर त्या माझ्यासाठी रदबदली करायला उभ्या राहिल्या, म्हणून माझी पाच वर्षांची कैद दोनवर आली." त्याने मान वर केली नाही. "आणि गल्लीत मी त्यांनाच हेरलं होतं, कारण तुमची माणसं कधी पोलिसांना बोलावत नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं."