नऊ वाजून एक मिनिट

कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या पीएच.डी.साठी राजहंस मॅडम कोर्सवर्कचा तक्ता भरत होत्या. "तिसरा विषय क्लाउड कम्प्युटिंग घ्या," गाइड म्हणाले. "डॉक्टर तांबोळी शिकवतात."

मॅडमचं पेन थांबलं. तांबोळी त्यांचाच जुना विद्यार्थी. नऊ वाजून एक मिनिटाला त्या वर्गाची कडी लावायच्या आणि त्याची एसटी रोज उशिरा यायची. पण पीएच.डी.शिवाय बढती नव्हती. त्यांनी विषय लिहिला.

पहिल्याच तासाला मॅडमना दहा मिनिटं उशीर झाला. वर्गाचं दार सताड उघडं होतं.

"या मॅडम," तांबोळीने हजेरीपट पुढे केला.

"तुम्ही कडी लावत नाही?"

"नाही. तुमचा अख्खा विषय मी दाराबाहेर उभा राहून शिकलो. ऐकू सगळं यायचं, फक्त फळा दिसायचा नाही."