तिसरी बाटली

"मावशी, सांगा बरं, कसला वास येतोय?" दिंडोरीजवळच्या द्राक्षमळ्यात सहा पाहुण्यांना वाइन चाखवणाऱ्या गाइडने विचारलं.

उर्मिलाने ग्लास नाकाशी नेला. एका मोठ्या तापातून उठल्यापासून तीन वर्षं तिला कसलाच वास येत नव्हता. फोडणी करपली तरी शेजारीण सांगायला यायची. चारचौघांत तिची फजिती नको म्हणून नवरा कानात पुटपुटला, "पेरू."

"पेरू," ती म्हणाली.

"वा! नाक तयार आहे मावशी तुमचं."

दुसऱ्या ग्लासाला नवऱ्याने लिची सांगितली. तिने तेच म्हटलं.

तिसरी बाटली लाल वाइनची. सगळे चाखून माना डोलावत होते.

"जांभूळ म्हण," नवरा कुजबुजला.

तिने ग्लास पुन्हा हुंगला. "अहो, जांभूळ कुठलं? ओल्या गोणपाटासारखा कुबट वास येतोय!"

गाइडने स्वतः वास घेतला आणि ओशाळला. "सॉरी मावशी, बुचामुळे बाटली बिघडलीय. दुसरी उघडतो."

"थांबा हो." नवऱ्याने गाइडचा हात धरला. त्याने आपलाही ग्लास तिच्यापुढे सरकवला. "आधी हिला पोटभर वास घेऊ द्या."