उजव्या बाह्या

मल्टिपल स्क्लेरोसिस ताईचे पाय नेईल, या धास्तीने धाकटीने शिलाईच्या दुकानात काठी ठेवली, उंबरठाही काढून टाकला. आजार पायांच्या वाटेला गेलाच नाही. तो निमूटपणे मेंदूत उतरला. आज ताईने कोटाचे उरलेले कापड कापले आणि धाकटीने तुकडे निरखून पाहिले. "ताई, दोन्ही बाह्या उजव्याच कापल्यास गं." "मला शिकवतेस? तुझ्या हातात पहिली कात्री कोणी दिली, शहाणे?" ताईने हसून दोन्ही बाह्या सुलट, एकीवर एक ठेवून कडांवरून अभिमानाने बोट फिरवले. "बघ, सुताचाही फरक नाही. तंतोतंत जुळल्या!" डावी बाही उजवीचे आरशातले प्रतिबिंब असते; दोन्ही सुलट ठेवल्यावर त्या तशा जुळायलाच नको होत्या. धाकटीने बाही उलटवून पुन्हापुन्हा समजावले. ताई नवशिकीसारखी नुसती बघत होती. "हो ताई, जुळल्या," धाकटी अखेर म्हणाली. कात्री तिने हळूच आपल्याकडे ओढली. ताईचा हात टेबलावर कात्री चाचपत राहिला.