बब्रुवानचे पेढे

"निवडून आला," तहरीम म्हणाली आणि नळदुर्गच्या त्या दोन खोल्यांत ईद आल्यासारखं झालं.

तहरीम ज्या बेसबॉल लीगमध्ये संघ चालवायची, ती फक्त संगणकावर चालायची. संघांचे मालक खरे, खेळाडू सगळे प्रोग्रॅमनं बनवलेले. तहरीमच्या संघातल्या डावखुऱ्या चेंडू फेकणाऱ्याला तिनंच नाव दिलं होतं, बब्रुवान येडशीकर. तो निवृत्त झाल्यापासून लीगच्या मानाच्या दालनात, म्हणजे थोर खेळाडूंच्या यादीत, त्याला घ्यायचं का यावर मालकांची मतं पडायची आणि दरवर्षी तो थोडक्यात हुकायचा. यंदाची संधी शेवटची होती. तिनं एकेका मालकाशी भांडून मत ओढून आणलं होतं.

तिचा भाऊ वसीम मिठाई आणायला निघाला, तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. लुगडं नेसलेली एक म्हातारी पुडा सांभाळत उतरली.

"तहरीमबाई तुमीच न्हवं? म्या दगडाबाई, येडशीची. माज्या पोराचं लई नाव केलंत."

"कुठला पोरगा, मावशी?"

"बब्रुवान." म्हातारीनं तिच्या हातावर पेढा ठेवला. तो अजून कोमट होता. "तुमच्याबिगर त्याला कुणी इचारलं नसतं."

तहरीमनं वसीमकडं पाहिलं. तो रिक्षाकडं बघत होता.

"लाजतंय बगा," म्हातारी हसून म्हणाली आणि मागं वळली. "उतर की रं, बाईंच्या पाया पड."

मागची सीट रिकामी होती. तरी रिक्षा एका अंगाला दबलेली होती. हाक ऐकताच ती हळूच वर उचलली गेली, जड माणूस उतरल्यावर उचलते तशी.

तहरीमनं पाय मागं घ्यायच्या आत तिच्या पावलांना बोटं लागली, चेंडू धरून धरून राठ झालेली.