फक्त दिसलं तेवढंच

पाचव्या दिवशी लिफ्टवाल्याने फ्रिज उघडला, टाचा जुळवल्या आणि आतल्या दुधाच्या पिशवीला कडक सलाम ठोकला. "साहेब, थंडी कशी काय तिकडे?"

ओट्याशी बायको बटाटे सोलत होती. "दार लावा. गार हवा चाललीय बाहेर." मान वर नाही, सुरी थांबली नाही.

कोपऱ्यातल्या स्टुलावर मुलगी वहीत भराभरा लिहीत होती. लिफ्टवाला मनात खूश झाला. लिही बाई, लिही. जितकं लिहिशील तितकी फसशील.

भानगड अशी होती की मुलीला अकरावीला मानसशास्त्र घ्यायचं होतं. फॉर्मवर बापाची सही लागत होती आणि शनिवारी बाराला शाळेची खिडकी बंद होणार होती. लिफ्टवाल्याचं म्हणणं, पोरीने विज्ञान घ्यावं, पुढे डिप्लोमा करावा, त्याच्यासारखा लिफ्टदुरुस्तीचा पाना हातात धरावा.

"माणसं कळायला पुस्तक कशाला?" तो म्हणायचा. "अडकलेल्या लिफ्टच्या दाराला कान लाव. आतला माणूस दोन मिनिटांत कळतो. रडत असेल तर हसवायचं, शिव्या घालत असेल तर घालू द्यायच्या. झालं तुझं मानसशास्त्र."

शाळेने हा विषय घेणाऱ्यांना सुट्टीतच एक कागद दिला होता. घरातलं एक माणूस निवडा. सात दिवस बघा. दिसलं, ऐकू आलं तेवढंच लिहा. 'राग आला', 'वाईट वाटलं' असलं काही लिहायचं नाही. मुलीने कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि रविवारी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "बाबा, मी तुम्हाला बघणार."

"बघ की. पण शर्यत लावून बघ. सात दिवसांनी या घरातली मला ठाऊक नसलेली एक गोष्ट सांग. उभ्या उभ्या सही करतो. नाही जमलं तर गुमान विज्ञान."

"चालेल," मुलगी म्हणाली. फारच लगेच म्हणाली, पण हे त्याच्या लक्षात आलं नाही.

मग काय, गडी सुटलाच. सोमवारी हातांत पायमोजे चढवून चहा प्यायला. मंगळवारी चपलेवरून साहेबाला फोन लावून पगारवाढ मागितली आणि मिळाली म्हणून चपलेचे आभार मानले. बुधवारी "कितवा मजला?" विचारल्याशिवाय कुणाला खुर्चीवर बसू दिलं नाही. मुलगी खुदुखुदु हसायची आणि लिहायची. बायको म्हणायची, "मोजे धुवायला टाका." "चप्पल खाली ठेवा." "पहिला मजला. सरका आता."

हे मात्र त्याला खुपायचं. अडकलेल्या माणसांना त्याने दाराबाहेरून इतकं हसवलं होतं की दार उघडल्यावर एकदोघं बाहेर यायला तयार नव्हते. आणि एकोणीस वर्षांत स्वतःच्या बायकोच्या तोंडावर एक रेघ हलली नव्हती. "हिची लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकलीय," तो चारचौघांत म्हणायचा. लोक हसायचे. घरी येताना त्याला वाटायचं, ही बाई आपल्याला कशीबशी निभावून नेतेय झालं.

शुक्रवारी त्याने काहीच केलं नाही. कंटाळा आला म्हणाला. वयाला शोभत नाही म्हणाला. पेपर घेऊन खिडकीत बसला तो बसलाच.

शनिवारी दहा वाजता बायको बाजारात गेली. मुलीने फॉर्म आणि पेन टेबलावर ठेवलं.

"हां, सांग," लिफ्टवाला म्हणाला. "काय ठाऊक नाही मला?"

तिने वही पुढे सरकवली. त्याने पहिलं पान उघडलं. दुसरं उघडलं. मोजे नव्हते, चपलेचा फोन नव्हता. जिकडे तिकडे आई, आई, आई.

"अगं, तू मला बघत होतीस ना?"

"कागदावर लिहिलंय, ज्याला बघायचं त्याला कळू द्यायचं नाही. कळलं की माणूस नाटक करतो."

"मग मला कशाला सांगितलंस?"

"तुम्ही नाटक करावं म्हणून. आणि आईला वाटावं, मी तुमच्याकडे बघतेय म्हणून."

लिफ्टवाल्याने चष्मा लावला.

'दिवस दुसरा. बाबा बाहेर गेले. आईने नळ पूर्ण सोडला. नळाखाली काही भांडं नव्हतं. खांदे हलत होते, चाळीस सेकंद. मग तोंड धुतलं.'

'दिवस तिसरा. बाबा गेल्यावर आईने टॉवेल तोंडात कोंबला. नंतर चप्पल उचलून कानाला लावली. "वाढवला, वाढवला," असं म्हणाली. परत टॉवेल.'

'दिवस चौथा. बाबा जिना उतरेपर्यंत थांबली. मग खाली बसली. उठायला माझा हात मागितला. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, काही नाही, पाठ धरलीय.'

लिफ्टवाल्याने फॉर्म पुढे ओढला. पेन उलटं धरलंय हे त्याला दुसऱ्यांदा टेकवल्यावर कळलं. ते सुलटं करून त्याने सही केली.

"बाबा, कालचं पान राहिलं."

त्याने पान उलटलं.

'दिवस सहावा. बाबा गप्प. आई तीनदा दारापर्यंत आली, बघून परत गेली. साडेपाचला स्वयंपाकघरातून हळू आवाजात मावशीला फोन: "आज काहीच केलं नाही गं त्यांनी. नाही नाही, तोंडावर कशी हसू? एकदा हसवलं की जिंकलो म्हणतील, आणि थांबतील ना गं ते."'