ऐंशी मीटर दोर

बंदुकीचा बार उडावा तसा आवाज झाला आणि यंत्रावर ताणलेला दोराचा तुकडा तुटला. मुकादमाने डायलवरचा आकडा दोनदा वाचला. आकडा त्याच्या नेहमीच्या परदेशी दोराइतकाच होता, उलट जरा पुढेच. कारखाना चालवणाऱ्या सुनेला हसू आवरेना. गेले सात महिने ती या माणसाच्या मागे हात धुऊन लागली होती.

मुकादमाची माणसं पंचवीस मजली इमारतींवरून दोराला लटकून काचा पुसायची. चार गल्ल्या पलीकडे, पत्र्याच्या शेडमध्ये कुणी असा दोर वळतं, यावर त्याचा विश्वास बसायला सात महिने गेले होते आणि बसला तोही अर्धामुर्धाच. "इथला माल म्हटलं की माझी पोरं दोराकडे बघत नाहीत, ताई," तो पहिल्याच भेटीत म्हणाला होता, "माझ्याकडे बघतात." तो हो म्हणाला तर कारखाना तरणार होता. नाही म्हणाला तर महिनाअखेरीला कुलूप लावायचं, हे सुनेने मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

ज्या दोराचा तुकडा तोडला, तो ऐंशी मीटरचा पांढराशुभ्र दोर शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हुकांवर ताणलेला होता. मुकादमाने तो दोन-तीन जागी दाबून पाहिला, मान डोलावली आणि गाडीत भरायला सांगितलं. तेवढ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीवरून सासूबाई उठल्या.

आई, आज तेवढं राहू द्या, असं सुनेने सकाळीच त्यांना विनवलं होतं. कारखान्याबाहेर पडणारा प्रत्येक दोर आधी सासूबाईंच्या मुठीतून जायचा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि तोही डोळे मिटून. ताण मोजायचं यंत्र आणल्यापासून सुनेला ही नुसती खोड वाटायला लागली होती. गिऱ्हाइकासमोर तर शोभाच. सासूबाई सकाळी बरं म्हणाल्या होत्या खऱ्या, पण त्यांचं बरं आणि त्यांचे पाय यांचं आजवर कधी जमलं नव्हतं.

त्यांनी तळहात फडक्याला पुसला, दोराभोवती मूठ सैल धरली आणि चालू लागल्या. मुकादमाने सुनेकडे पाहिलं. वय झालंय त्यांचं, असं काहीतरी ती पुटपुटली आणि तिचं तिलाच ओशाळल्यासारखं झालं.

कामगारांनी एकेक करून यंत्रं बंद केली. ते दर वेळी असंच करायचे, पण सून तेव्हा आत ऑफिसात फोनवर असायची, त्यामुळे ही शांतता तिने कधी अनुभवलीच नव्हती. चहाचा कप धरताना थरथरणारा तो हात दोरावर एकदाही थरथरला नाही. मुंगीच्या पावलाने तो पुढे सरकत होता आणि बघणाऱ्यांचा श्वास त्याच्या मागोमाग चालला होता.

अर्ध्याच्या जरा पुढे हात थांबला. थोडा मागे गेला, पुन्हा पुढे आला.

"इथे," सासूबाई म्हणाल्या.

मुकादमाने ती जागा चिमटीत धरून पाहिली, पिरगळून पाहिली. त्याला काही जाणवलं नाही. सुनेलाही नाही. सासूबाईंनी भिंतीवरची सुरी काढली तेव्हा मात्र सुनेला राहवेना.

"आई, यंत्रावर पास झालाय तो."

"यंत्रावर हातभर तुकडा गेला, बाई. वर माणूस सगळ्या दोराला लटकणार."

आणि त्यांनी दोर कापला. ऐंशी मीटरचे दोन तुकडे जमिनीवर पडले. सात महिन्यांची मेहनत पाण्यात गेली, असं सुनेला वाटलं.

सासूबाईंनी कापलेल्या टोकाचा पीळ सोडवला, तिन्ही पेड वेगळे केले आणि तिसऱ्या पेडाची बारीक सुतं बोटांनी पिंजली. अगदी आत, एकमेकांना चिकटून, दोन सुतांचे जोड होते, तांदळाच्या दाण्याएवढे. दोन जोड कधी शेजारीशेजारी येऊ द्यायचे नाहीत, त्यांच्यात हातभर अंतर हवंच, हे इथे कामाला येणाऱ्याला पहिल्या दिवशी सांगितलं जायचं. सुनेला मागचा मंगळवार आठवला. दोन रिळं एकदम संपली होती, आत फोन वाजत होता आणि यंत्रावरचा माणूस जेवायला गेला म्हणून घाईघाईत तिनेच दोन्ही सुतं जोडली होती.

"हे माझं काम," ती मुकादमाकडे बघत म्हणाली.

मुकादमाने ते दोन दाणे बोटाने चाचपून पाहिले. मग त्याने सासूबाईंना विचारलं, दोर तुटला असता का. कदाचित नसताही, त्या म्हणाल्या. पण त्या कदाचितवर त्यांना कुणाला लटकवायचं नव्हतं.

सून त्यांच्या तळहाताकडे बघत होती. हा हात इतकी वर्षं आपल्याच घरात होता, रोज आपल्याला ताट वाढत होता, आणि आज आपण त्याला कोपऱ्यात बसायला सांगितलं. तिला दडपून गेल्यासारखं झालं.

मुकादम बाहेर पडला. गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. गेला, सुनेने मनात म्हटलं, आणि नवल म्हणजे तिला त्याचा राग आला नाही.

तो परत आला तेव्हा त्याच्या खांद्यावर परदेशी दोराचं भेंडोळं होतं, कंपनीच्या शिक्क्याची पट्टी अजून तशीच. कुणाला न विचारता त्याने ते उलगडलं, एकेका हुकावर स्वतःच्या हाताने ताणलं, आणि टोक धरून सासूबाईंसमोर उभा राहिला.

"मावशी," तो हळूच म्हणाला, "उद्या याच्यावर माझा भाऊ उतरणार आहे."